गायरानावर सोलर लावण्याआधी गावाला विचारा : मुख्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री साहेब, तसेच ऊर्जा विभाग आणि महसूल विभाग, महाराष्ट्र शासन

सप्रेम नमस्कार.

मी धाराशिव जिल्ह्यातला शेतकरी. बालाघाटाच्या पठारावर आमचं गाव आहे, खरिपाला सोयाबीन-तूर आणि विहिरीला पाणी राहिलं तर रब्बीला हरभरा नाहीतर ज्वारी, एवढ्यावर आमचं वर्ष चालतं. आधीच सांगून टाकतो की हे पत्र सोलरच्या विरोधात नाही, कारण आजकाल असल्या प्रकल्पाबद्दल एक प्रश्न विचारला की लगेच विकासाचा विरोधक म्हणून शिक्का मारतात. मला सोलर पाहिजे, मनापासून पाहिजे. पण त्यासाठी गावाची गायरान जमीन, म्हणजे गुरांच्या चराईला राखलेली गावाची सामाईक जमीन, ज्या पद्धतीने दिली जातेय ती पद्धत चुकीची आहे, आणि ती आत्ताच सुधारली नाही तर पुढची पंचवीस-तीस वर्षं ती कुणालाच सुधारता येणार नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी सोलर का पाहिजे ते सांगतो. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट आठवड्याच्या पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी द्यायचं तर स्प्रिंकलर लावावं लागतं, आणि स्प्रिंकलर म्हणजे एकदा मोटर चालू केली की झोपा असं नसतं, तीन-साडेतीन तासांनी सगळे पाईप सोडवून, चिखलातून उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, तोट्यात खडा अडकला असेल तर तो काडीने काढायचा, अंगावर गार पाणी उडतंय, बॅटरी तोंडात धरलीय, आणि पायाखाली साप आहे का विंचू हे बघायला तिसरा हात नाही. रात्री दीडला लाईट जाते, डीपीवरचा फ्यूज उडालेला असतो आणि वायरमन सकाळशिवाय येत नाही. आमच्या भागात सर्पदंशाने, शॉक लागून माणसं गेलीत. बायका रात्रभर जाग्या असतात, फोन करत असतात. त्यामुळे "शेतकऱ्याला दिवसा वीज" ही घोषणा कुणाला राजकारण वाटत असेल, आमच्यासाठी तो जिवाचा प्रश्न आहे.

आणि कोळशाचं काय होतं तेही आम्ही जवळून बघितलंय. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचं थर्मल २०१५ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, धरणच आटलं तर कोळसा असून उपयोग काय. जेव्हा चालू असतं तेव्हा राख आजूबाजूच्या गावांच्या वाट्याला. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं केंद्र आहे, तिथल्या लोकांना विचारा श्वास घ्यायचा म्हणजे काय असतं. राज्याची वीज त्यांच्या छातीवर चालली. ऊन मात्र मराठवाड्यात फुकट आणि भरपूर आहे, त्याला थर्मलसारखं धरणाचं पाणी लागत नाही, धूर नाही. २०२४ च्या सप्टेंबरात वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला शेतीला दिवसा सोलरची वीज देणाऱ्या सरकारी योजनेचा ३ मेगावॅटचा पहिला प्रकल्प सुरू झाला आणि त्या फिडरवरच्या, म्हणजे त्या वीजलाईनवरच्या, शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळायला लागली ही चांगलीच गोष्ट आहे, त्याचं श्रेय सरकारला द्यायलाच पाहिजे. तीन रुपयांच्या आसपास युनिट पडणार, २५ वर्षं दर तोच राहणार, कोळसा महागला तरी फरक नाही. हे सगळं मान्य.

आता जमिनीवर येतो. याच योजनेत, म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये, खासगी शेतकऱ्याने जमीन भाड्याने दिली तर त्याला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला मिळतात, म्हणजे एकरी ५० हजार, वर दरवर्षी ३ टक्के वाढ. आमच्या माळरानाला एवढं उत्पन्न कुठल्याच पिकातून निघत नाही, तर हा भाव चांगला आहे. पण तीच जमीन सरकारी असेल, गायरान असेल, तर ती नाममात्र १ रुपया वार्षिक भाड्याने जाते. एक रुपया. बांधाला बांध लागून दोन जमिनी, ऊन तेवढंच, पॅनेल तेवढेच, एकीला हेक्टरी सव्वा लाख आणि दुसरीला रुपया, कारण दुसरीचा मालक एकटा माणूस नाही, सगळं गाव आहे.

तुम्ही म्हणाल ग्रामपंचायतीला पैसे देतोच की. देता, वर्षाला ५ लाख, तीन वर्षं, एकूण १५ लाख. आता साधा हिशेब करा. ५ मेगावॅटच्या प्रकल्पाला अंदाजे २५ एकर म्हणजे १० हेक्टर जागा लागते. खासगी दराने त्याचं भाडं वर्षाला साडेबारा लाख झालं असतं. २५ वर्षांचे, ३ टक्के वाढ न धरता सुद्धा, तीन कोटी साडेबारा लाख होतात. गावाला मिळतात १५ लाख. बाकीचे जवळपास तीन कोटी गावाने कुणाला सोडले आणि कधी सोडले, कुणी विचारलं का? हेच पॅनेल वर्षाला अंदाजे ८० लाख युनिट वीज काढतील, तीन रुपये दराने ती जवळपास २ कोटी ४० लाखांची होते. त्यातले युनिटमागे दहा पैसे गावाला ठेवले तरी दरवर्षी ८ लाख होतात, आणि तेही तीन वर्षं नाही, प्रकल्प चालू आहे तोवर. मला मान्य आहे की दहा पैशांनी वीज थोडी महाग होईल. पण वीज स्वस्त दिसावी म्हणून गावाची जमीन फुकट धरायची हा हिशेब बरोबर नाही, तो खर्च कुठेतरी जातोच, तो गावातल्या सगळ्यात गरीब माणसाच्या खिशातून जातो.

कसा जातो ते सांगतो. मंत्रालयातून नकाशावर गायरान म्हणजे रिकामा तुकडा दिसत असेल, झाडं नाहीत, पीक नाही, सबस्टेशन जवळ आहे, झालं काम. आमच्या वस्तीवरच्या एक मावशी आहेत, स्वतःची गुंठाभर जमीन नाही, त्यांच्याकडे उस्मानाबादी शेळ्या आहेत. आमच्याच जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी ही जात, काळी, काटक, बहुतेक वेळा जुळी करडं देणारी. पहिल्या पावसानंतर गायरानात पवना, मारवेल, कुसळी उगवते, दिवाळीपर्यंत शेळ्यांना विकतचं काही घालावं लागत नाही, नंतर बोरी-बाभळीचा पाला आणि शेंगा. बोकड विकून पोरीची फी भरायची, दवाखान्याचं बिल द्यायचं, हीच त्यांची बँक. सीताफळाच्या दिवसात याच माळावरची सीताफळं पाटीत घालून बायका हायवेला बसतात. धनगरांचे कळप दरवर्षी येतात ते याच गायरानात थांबतात, त्यांच्या लेंडीखताने आमची रानं पिकतात. ह्यातलं काहीच सातबाऱ्यावर येत नाही, म्हणून हे नुकसान कुठल्याच प्रकल्प अहवालात येत नाही.

शेजारच्या गावात तारेचं कुंपण झालंय. जनावरांची वाट बंद, पाणवठा कुंपणाच्या पलीकडे, आता लांबून वळसा घालून जावं लागतं आणि जाताना कुणाच्या तरी पिकात शेळी घुसली की भांडण. त्या गावात कळप विकायला लागलेत लोक. सरकारची एक योजना अनुदानावर दहा शेळ्या आणि एक बोकड देते, भूमिहीन बायकांना स्वतःच्या पायावर उभं करायला, आणि सरकारचीच दुसरी योजना त्या शेळ्यांचा चारा कुंपणात घालते. पशुसंवर्धन आणि ऊर्जा ही दोन खाती कधी एका टेबलावर बसतात का, हा मला खरोखर पडलेला प्रश्न आहे.

याहून अवघड प्रश्न गायरान कसणाऱ्यांचा आहे. मराठवाड्यात दलित, पारधी आणि इतर भूमिहीन कुटुंबांनी दोन-दोन, तीन-तीन पिढ्या माळ फोडून, दगड वेचून गायरानं वहितीखाली आणलीत. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, पुढे कार्यकर्ते एकनाथ आवाडांनी आमच्या भागात हा लढा आयुष्यभर चालवला, त्यातून ही माणसं उभी राहिली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची ठरली, काहींच्या नावावर जमीन झालीही, पण किती तरी जणांच्या फायली अजून तहसीलला पडून आहेत. त्यांच्याकडे कागद काय तर एक-ई ची, म्हणजे तलाठ्याच्या अतिक्रमण नोंदवहीतली, नोंद, तीही काही ठिकाणी मधूनच गायब होते. सातबारा नाही म्हणून पीक कर्ज नाही, पीक विमा नाही. २०२२ ला हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणं काढायच्या नोटिसा निघाल्या तेव्हा ही माणसं रात्र-रात्र झोपली नव्हती. आता त्याच जमिनीवर मोजणीवाले येतात, बरोबर पोलीस असतात, आणि उभ्या तुरीत खुणा रोवल्या जातात. ज्याने चाळीस वर्षं कसली त्याला ती नावावर करून द्यायला नियम आडवा येतो आणि कंपनीला तीस वर्षांसाठी रुपयाने द्यायला येत नाही, याचं उत्तर मी त्या माणसाला काय देऊ? तुम्ही काय द्याल?

कायद्याने हे सगळं करता येतं असं अधिकारी सांगतात. महसूल संहिता १९६६ मध्ये गायरानासाठी वेगळी तरतूद आहे, गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं तर ते सार्वजनिक कामासाठीच आणि दुसरी योग्य जमीन उपलब्ध नसेल तरच. मग प्रत्येक गावात आधी दुसरी जमीन बघितली का? कुणी बघितली, कधी, त्याचा अहवाल कुठे आहे? खासगी जमीन द्यायला शेतकरी तयार आहेत, ऑनलाइन अर्ज भरून बसलेत. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात २०१२ सालीच कालव्यावर पॅनेल बसवून दाखवले. बाजार समित्यांची शेड, गोदामं, कारखान्यांची छपरं, एमआयडीसीतले मोकळे प्लॉट, ही यादी आधी संपवा आणि मग गायरानाकडे या. आणि येताना ग्रामसभेतून या. आत्ता होतं काय, कुणीतरी सांगतं की मागच्या ग्रामसभेत ठराव झालाय, त्या सभेला गेलेल्या कुणालाच असा विषय आठवत नाही, प्रोसिडिंग बघायला मागितलं की रजिस्टर पंचायत समितीला गेलंय. महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे, शेळ्या कोण राखतं ते बघता हा विषय सगळ्यात आधी तिथे जायला पाहिजे.

साहेब, मोठा पैसा गावात येतो आणि तो उघड्यावर येत नाही तेव्हा काय होतं हे आम्ही फार जवळून बघितलंय. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून केला गेला. पवनचक्की प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून हे सुरू झालं असं तपासात पुढे आलं. अख्खा महाराष्ट्र हादरला. पवनचक्की वाईट असते असं मी म्हणत नाही. पण जमीन कुणाची घेतली, मोबदला किती ठरला, रस्त्याचं मुरमाचं कॉन्ट्रॅक्ट कुणाला, गाड्या कुणाच्या लागल्या, हे सगळं अंधारात ठरतं तेव्हा त्या अंधारात गुंडच मोठे होतात. सगळे करार ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावले तर दलालाला आणि खंडणीखोराला जागा कमी उरेल एवढं साधं आहे हे.

रोजगाराचं जास्त लिहीत नाही. बांधकाम चालू असतं तेव्हा काही महिने काम मिळतं, खड्डे, स्ट्रक्चर, केबल. नंतर वॉचमन दोघं-तिघं, गवत काढायला आणि पॅनेल धुवायला रोजंदारीची माणसं. आयटीआय झालेली पोरं गावात बसून आहेत, त्यांना देखभालीचं काम शिकवून घ्या अशी अट करारात टाकली तर कुणाचं काय बिघडतं? पॅनेल धुवायचं पाणी कुठून आणणार हेही उन्हाळ्याआधी सांगा, कारण त्या दिवसात आमच्याकडे माणसांना टँकर असतो. आणि २५ वर्षांनी हे पॅनेल कोण उचलणार? ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत सोलर पॅनेल आलेत, चांगलं झालं, पण तोवर कंपनी तीन वेळा विकली गेली असेल. काढून नेण्याचा खर्च आजच अनामत म्हणून ठेवून घ्या. काच आणि लोखंड गायरानात टाकून गेले तर पुन्हा शेळी चरणार नाही तिथे.

एक गोष्ट मात्र आमच्या शेतकऱ्यांनाच आवडणार नाही, तरी लिहितो. सौर पंप मिळतायत, दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के, आणि हप्ता नाही बिल नाही. लाईटची वाट बघायला नको म्हटल्यावर मोटर सकाळी नऊला चालू होते ती ऊन कलेपर्यंत चालते, पीक भिजलं तरी चालते. भूजल कायद्यात ६० मीटरपेक्षा खोल जायला बंदी आहे आणि आमच्याकडे पाचशे-सहाशे फुटाचे बोअर सर्रास घेतले जातात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्याला फार वर्षं झालेली नाहीत. ऊन फुकट आहे, पाणी फुकट नाही. जमिनीखालचं पाणी संपलं तर हिरवी वीज घेऊन कोरडा बोअर चालवायचा का? गुजरातमध्येच खेडा जिल्ह्यात धुंडी गावच्या शेतकऱ्यांनी २०१६ ला सौर सहकारी मंडळी काढली, गरजेपुरतं पाणी उपसायचं आणि उरलेली वीज कंपनीला विकायची, म्हणजे मोटर बंद ठेवली की शेतकऱ्याच्या हातात पैसे. हे आमच्याकडे का होऊ नये? सहकार तर महाराष्ट्राने देशाला शिकवला, प्रवरानगरला शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहतो, गावोगावी दूध संघ उभे राहतात आणि सोलर आला की मालक एकदम बाहेरचा कसा काय होतो.

केंद्राच्या कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेच्या पहिल्या भागात ५०० किलोवॅट ते २ मेगावॅटचा प्रकल्प शेतकरी, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायत, शेतकरी उत्पादक कंपनी, कुणीही उभारू शकतं असं लिहिलंय. कागदावर दार उघडं आहे. पण प्रत्यक्षात टेंडर मोठे मोठे गठ्ठे करून निघाले, शेकडो मेगावॅटचे, त्यात आमची पाचशे सभासदांची उत्पादक कंपनी कुठे बसणार? बँक विचारते तारण काय. जिल्हा बँकांना हमी द्या, तालुक्याला एक-दोन सबस्टेशन तरी फक्त गावच्या संस्थांसाठी राखून ठेवा. पाटण तालुक्यातलं मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं ते गावाने मनावर घेतलं म्हणून झालं. गावाला विश्वासात घेतलं तर गाव काम करतं याचा तुमच्याकडेच पुरावा आहे.

तर आमचं मागणं असं आहे. आमच्या जिल्ह्यात गायरानावरच्या ज्या प्रकल्पांचं काम अजून सुरू झालं नाही तिथलं काम थांबवून पुन्हा ग्रामसभा घ्या, आधी महिलांची, मग सगळ्यांची, व्हिडिओ रेकॉर्डिंगसह, आणि गावाने नाही म्हटलं तर ते नाही धरा. गावाने हो म्हटलं तर ग्रामपंचायतीला खासगी शेतकऱ्याएवढंच भाडं द्या, वाढीसकट, करार संपेपर्यंत. एक-ई ला नोंद असलेल्या, किंवा नोंद नसली तरी गावाला माहीत असलेल्या कसणाऱ्या कुटुंबांना बाहेर काढू नका, आणि त्यांच्या संमतीने जमीन घेतली तर ते भाडं त्यांच्या खात्यावर जाऊ द्या, बाईच्या नावासकट. निम्मं गायरान तरी चराईला मोकळं ठेवा, पाणवठ्याची वाट कुंपणात घेऊ नका, आणि जिथे जमेल तिथे पॅनेल उंच बसवा म्हणजे खालून शेळ्या-मेंढ्या चरतील, गवत काढायचा कंपनीचा खर्चही वाचेल. असं इतर देशांत मेंढ्या घालून करतात, आमच्या धनगरांना तर ते शिकवायचीही गरज नाही. आणि ज्या गावाची जमीन गेली त्या गावाच्या फिडरला दिवसा किती तास वीज आली हे दर महिन्याला चावडीवर लिहून लावा.

आमच्या गावात मोजणी झालीय, काम अजून सुरू झालेलं नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय आम्ही लेखी देणार आहोत. त्याआधी भाडेपट्ट्याच्या मसुद्याची मराठीतली प्रत आणि दुसरी जमीन उपलब्ध नसल्याचा अहवाल ग्रामपंचायतीला पाठवायला संबंधितांना सांगावं, ही विनंती. प्रत आली की आम्ही ती गावात वाचून दाखवू, आणि त्यावर गावाचं म्हणणं काय आहे ते आठ दिवसांत सह्यांसह तुमच्याकडे पोच होईल.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातला एक शेतकरी